यानेझ : एका स्लोव्हेनियन नावाची कुळकथा

व्यक्तिनामांविषयीच्या या सदरात या वेळी एकाच नावाभोवतीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. स्लोव्हेनिया हा आल्प्स पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्या दरम्यान वसलेला, सुमारे 21 लाख लोकवस्तीचा देश आहे आणि ‘यानेझ’ हे तेथील पुरुषांचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव आहे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या कार्यालयात स्लोव्हेनियाहून आलेले एक अभियंता आहेत. त्यांचे नाव रोमन अक्षरांत पाहून आम्ही ते ‘जानेझ’ असे वाचत होतो, मुलगी मात्र ‘यानेस’ म्हणते. स्लाव्ह भाषांचे आणि संस्कृतचे नाते आहे असे वाचलेले असल्यामुळे घरात कोणीतरी हे नाव आपल्या ‘ज्ञानेश’शी जोडले. या नावाचा खरा उच्चार, अर्थ आणि उगम कोणता? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मुलीचा उच्चार बरोबर आहे. स्लोव्हेनियन भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, परंतु तिच्यात ‘जे’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘य’ असा होतो. नावातील पहिला ‘या’ लांबवून त्यावर आघात द्यायचा असतो. शेवटचे अक्षर ‘झेड’ असले, तरी शब्दाच्या अंती येणारे घोष व्यंजन अघोष करण्याची त्या भाषेची रीत असल्यामुळे कानाला ‘यानेस’ असेच ऐकू येते. नावाला विभक्तीचा प्रत्यय लागला की मूळचा ध्वनी परत येतो : ‘यानेझा’, ‘यानेझू’, ‘यानेझोम’. म्हणून लिहिताना मी ‘यानेझ’ असे लिहितो आणि त्यातला ‘झ’ आपल्या ‘झरा’ या शब्दातल्यासारखा वाचावा असे सुचवतो.

‘ज्ञानेश’शी असलेले साम्य केवळ ध्वनीचे आणि योगायोगाचे आहे. स्लोव्हेनियन आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच विशाल भाषाकुळातल्या आहेत हे खरे, पण हे विशिष्ट नाव त्या कुळातले नाहीच. त्याचा उगम हिब्रू भाषेत आहे. ‘योहानान’ या हिब्रू नावात देवाच्या नावाचे संक्षिप्त रूप आणि ‘कृपा करणे’ या अर्थाचा धातू एकत्र आले आहेत, म्हणून पूर्ण नावाचा अर्थ ‘परमेश्वराने कृपा केली आहे’ असा होतो. हे नाव म्हणजे एक संपूर्ण वाक्य आहे. मूल जन्माला आल्यावर आईवडिलांच्या तोंडून उमटलेला कृतज्ञतेचा उद्गार त्यात जसाच्या तसा राहिला आहे.

ख्रिस्ती जगात या नावाला जे स्थान मिळाले त्याचे मूळ लूकच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायात आहे, आणि तो प्रसंग नामकरणाचाच आहे. जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध दांपत्याला उतारवयात मुलगा होतो. आठव्या दिवशी जमलेले नातेवाईक बाळाला बापाचेच नाव द्यायला निघतात, पण आई म्हणते की नाही, याचे नाव योहान ठेवायचे. तुमच्या नातलगांत हे नाव कोणाचेच नाही, अशी हरकत नातेवाईक घेतात. वाचा गेलेल्या बापाकडे खुणेने विचारणा होते, तेव्हा तो पाटी मागून घेतो आणि ‘याचे नाव योहान आहे’ असे लिहितो. हाच मुलगा पुढे बाप्तिस्मा करणारा योहान झाला. जे नाव घराण्यात कोणाचेच नव्हते म्हणून नातलगांना खटकले, ते पुढे युरोपभर घराघरांत आजोबांकडून नातवाकडे जाणारे सर्वांत रुळलेले नाव ठरले.

हिब्रू ‘योहानान’चे ग्रीकमध्ये ‘इओआन्नेस’ आणि लॅटिनमध्ये ‘योहान्नेस’ झाले. स्लोव्हेनियन लोकांचे पूर्वज जेथे राहत होते त्या आल्प्सच्या पूर्व भागात आठव्या शतकात कारांतानिया नावाचे स्लाव्ह राज्य होते. त्याच्या राजांची नावे बोरुत, गोराझ्द, होतिमिर अशी निखळ स्लाव्ह होती. गोराझ्द आणि होतिमिर यांचे संगोपन बव्हेरियात ख्रिस्ती म्हणून झाले, तरीही त्यांची नावे स्लाव्हच राहिली, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. धर्म आला म्हणजे नावे लगेच बदलतात, असे घडत नाही. संतांची नावे जनसामान्यांत रुजायला पुढे अनेक शतके लागली. हे रुजणे मुख्यतः दोन धर्मपीठांच्या छायेत झाले. सन 811 मध्ये शार्लमेन सम्राटाने द्रावा नदी ही सीमा ठरवून दिली : तिच्या उत्तरेकडचा प्रदेश साल्झबुर्गच्या आर्चबिशपकडे आणि दक्षिणेकडचा अक्विलेयाच्या पॅट्रिआर्ककडे, म्हणजे तेथील प्रमुख धर्माधिकाऱ्याकडे. पूजेची भाषा दोन्हीकडे लॅटिनच होती. परंतु एकीकडचे धर्मोपदेशक जर्मन बोलणारे आणि दुसरीकडचे इटलीच्या बाजूचे, त्यामुळे लॅटिन नावांचे उच्चार लोकांच्या कानांवर वेगवेगळ्या वळणांनी पडले.

जर्मन वळणाची खूण स्लोव्हेनियन नावांत आजही ऐकू येते. जुन्या बव्हेरियन बोलीतला ‘स’ स्लाव्ह कानांना बराचसा तालव्य वाटत असे. त्यामुळे ब्लासिउसचा ‘ब्लाझ’, थोमासचा ‘तोमाझ’, मथियासचा ‘मात्याझ’ आणि प्रिमुसचा ‘प्रिमोझ’ झाला. या नावांतला ‘झ’ इंग्रजी ‘ट्रेझर’ शब्दातल्या ध्वनीसारखा आहे. सायकल शर्यतींमुळे प्रिमोझ रोग्लिच हे नाव आपल्याकडच्या वाचकांच्या परिचयाचे असेल, त्यातला ‘प्रिमोझ’ हाच. आपल्या नावाचेही असे एक रूप आहे, ते म्हणजे ‘यान्झ’. ‘यानेझ’ मात्र चर्चमधल्या लॅटिन ‘योहान्नेस’च्या अधिक जवळ राहिला. त्याने मुळातले ‘नेस’ हे अवयव टिकवले, गाळले ते केवळ सुरुवातीचे ‘ओह’.

आणखी एक शंका पुष्कळदा ऐकू येते, तिचेही निरसन येथेच करतो. दोन तोंडांचा रोमन देव यानुस आणि त्याच्यावरून आलेला जानेवारी महिना यांच्याशी यानेझचा काही संबंध नाही. बडीशेपेसारख्या चवीच्या एका मसाल्याला स्लोव्हेनियनमध्ये ‘यानेझ’सारखेच ऐकू येणारे नाव आहे, पण तो शब्द वेगळा असून त्याचा शेवटचा ध्वनीही वेगळा आहे.

प्रश्न : आमच्या वसईत योहान, जॉन, जुआंव अशी नावे आहेत आणि गोव्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे जूनमध्ये सांजांव साजरा होतो. स्लोव्हेनियातले यानेझ कोणत्या संताच्या नावाने असतात आणि तेथे हा सण होतो का? — एक वाचक, वसई

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार मानतो, कारण या नावाचे खरे वैभव शब्दव्युत्पत्तीपेक्षा सणांत आहे. योहान, जॉन, जुआंव आणि यानेझ ही एकाच नावाची रूपे आहेत. मराठी बायबलातला योहान हिब्रू-ग्रीक उच्चाराजवळचा, जुआंव पोर्तुगीजांकडून आलेला आणि जॉन इंग्रजीतून. याच मालिकेत आपल्या मुस्लिम बांधवांमधले ‘याह्या’ हे नावही येते, कारण कुराणात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला याह्या म्हटले आहे.

स्लोव्हेनियात यानेझ नावाचे संत एकाहून अधिक आहेत. पहिला मान ‘यानेझ क्रस्त्निक’ म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान याचा, त्याचा जन्मदिन 24 जून. दुसरा ‘यानेझ इव्हांगेलिस्त’ म्हणजे शुभवर्तमानकार योहान, त्याचा दिवस 27 डिसेंबर. तिसरा प्रागचा यानेझ नेपोमुक, ज्याला 1393 मध्ये राजाज्ञेने व्लतावा नदीत बुडवण्यात आले आणि 1729 मध्ये संतपद मिळाले. त्याचा दिवस 16 मे. पाण्यात प्राण गेल्यामुळे तो पुलांचा आणि पुरापासून रक्षण करणारा संत मानला गेला. मध्य युरोपातल्या जुन्या पुलांवर आणि नद्यांच्या काठी त्याचे पुतळे दिसतात, तसे ते स्लोव्हेनियातही दिसतात. मुंबईकरांना शाळांमुळे परिचित असलेले डॉन बॉस्को स्लोव्हेनियन भाषेत ‘यानेझ बोस्को’च होतात. पूर्वी स्लोव्हेनियन घरांत वाढदिवसापेक्षा ‘गोद’ म्हणजे नामसंताचा दिवस अधिक महत्त्वाने साजरा होई, त्यामुळे आपला यानेझ नेमका कोणता हे प्रत्येक यानेझाला ठाऊक असे.

24 जूनच्या आदल्या रात्रीला ‘क्रेस्ना नोच’ म्हणतात. ‘क्रेस’ म्हणजे त्या रात्री पेटवायची मोठी होळी, आणि उन्हाळ्यातला सूर्याच्या परमोच्च स्थानाचा काळही. गावोगावी टेकड्यांवर हे क्रेस पेटतात. ही प्रथा ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. रोमन पंचांगात उन्हाळी अयनदिन 24 जूनला धरला जाई. दुसरीकडे, लूकच्या शुभवर्तमानानुसार योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, तेव्हा 25 डिसेंबरपासून मागे मोजत गेल्यास त्याचा जन्मदिन जूनच्या अखेरीस येतो. अशा रीतीने संताचा दिवस आणि सूर्याचा दिवस एकत्र आले आणि सूर्यपूजेच्या काळातला अग्नी यानेझ क्रस्त्निकाच्या नावाने पेटत राहिला.

या रात्रीच्या समजुती फार सुंदर आहेत. घरात जमिनीवर नेच्याची पाने अंथरत, कारण त्या रात्री संत यानेझ येऊन त्यांवर विश्रांती घेतो अशी श्रद्धा होती. नेच्याला बी नसते हे आज आपण शाळेत शिकतो, पण क्रेसच्या रात्री नेच्याला बी धरते आणि ते नकळत ज्याच्या जोड्यात किंवा खिशात पडेल त्याला जनावरांची भाषा समजते, असे लोक मानत. आग्नेयेकडच्या बेला क्रायिना या प्रदेशात पांढरी वस्त्रे नेसलेल्या मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणत आणि घराला, गोठ्याला, पिकाला सुबत्ता चिंतीत. त्यांना ‘क्रेस्नित्सा’ म्हणत, आणि काजव्यालाही स्लोव्हेनियनमध्ये ‘क्रेस्नित्सा’ हाच शब्द आहे, कारण तो याच दिवसांत चमकतो. दारा-खिडक्यांवर ज्या पांढऱ्या रानफुलांच्या माळा लावत त्यांचे नाव ‘इवान्श्चित्से’, म्हणजे इवानची फुले. इवान हे यानेझचेच दुसरे रूप, त्याविषयी पुढच्या उत्तरात सविस्तर लिहितो.

आपल्या गोव्यातला सांजांव त्याच तारखेचा आणि त्याच संताचा आहे. ‘सांजांव’ म्हणजे पोर्तुगीज ‘सांव जुआंव’, संत योहान. डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून, ‘विवा सांजांव’ असा घोष करीत विहिरींत आणि तळ्यांत उड्या घेतल्या जातात, नव्या जावयाचा सन्मान होतो, आणि बार्देशमधल्या शिवोलीला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. मरिया भेटीला आली तेव्हा अलीशिबेच्या उदरातल्या बाळाने आनंदाने उडी घेतली, असे लूकने लिहिले आहे, आणि या उड्यांचा संबंध तिच्याशी जोडला जातो. युरोपात त्या दिवशी उन्हाळ्याचा मध्य असतो म्हणून तेथे अग्नी, गोव्यात मृगाचा पाऊस होऊन विहिरी भरलेल्या असतात म्हणून येथे पाणी. एकाच संताचा एकच दिवस दोन भूमींनी आपापल्या ऋतूच्या हाती सोपवला, याचे मला विलक्षण अप्रूप वाटते. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे चर्च आणि अंधेरीच्या सीप्झ आवारातले पडीक चर्च ही दोन्ही याच संताच्या नावाची आहेत, हे आपण वसईकर जाणताच.

27 डिसेंबरची प्रथा द्राक्षमळ्यांच्या देशाला शोभणारी आहे. शुभवर्तमानकार योहानाला विष कालवलेला द्राक्षरस देण्यात आला, त्याने त्यावर आशीर्वाद उच्चारून तो प्यायला आणि त्याला काहीही झाले नाही, अशी आख्यायिका आहे. त्या स्मरणार्थ या दिवशी चर्चमध्ये द्राक्षमद्याला आशीर्वाद दिला जातो. ते मद्य घरी जपून ठेवून लग्नात किंवा दूरच्या प्रवासाला निघताना घोटभर घेण्याची पद्धत होती.

प्रश्न : मी अनुवादाचे काम करते. सतराव्या शतकातल्या वाल्वासोर या लेखकाचे नाव काही ठिकाणी ‘योहान’ आणि काही ठिकाणी ‘यानेझ’ असे आढळले. इवान त्सांकार या लेखकाच्या नावातला ‘इवान’ही तेच नाव आहे का? असल्यास मराठीत काय लिहावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : होय, इवान आणि यानेझ एकच. ग्रीक ‘इओआन्नेस’ स्लाव्ह भाषांत आला तेव्हा लागोपाठचे स्वर जोडण्यासाठी मध्ये ‘व’ आला आणि ‘इवान’ तयार झाला. क्रोएशिया, सर्बिया, बल्गेरिया, रशिया येथे हाच इवान नांदतो. स्लोव्हेनियात मात्र दोन्ही प्रवाह येऊन मिळाले आणि हा या नावाच्या इतिहासातला सर्वांत वेधक भाग आहे. ग्रामनामांतून तो स्पष्ट दिसतो. देशाच्या आतल्या भागात ‘शेंट्यांझ’ नावाची गावे आहेत, म्हणजे ‘संत यान्झ’. पश्चिमेला, आज इटलीत असलेल्या समुद्रकाठच्या स्लोव्हेनियन वस्तीत, तिमाव नदी जेथे जमिनीखालून वर येते त्या ठिकाणच्या गावाचे नाव ‘श्टिवान’ आहे, म्हणजे ‘संत इवान’. संत तोच, पण एका गावाने जर्मनांच्या बाजूचे रूप घेतले आणि दुसऱ्याने स्लाव्ह रूप जपले. गोरेन्स्का या डोंगराळ भागातला ‘आन्झे’ हा जर्मन ‘हान्स’चा भाऊ. ‘यान’, ‘यांको’, ‘इवो’ ही आणखी काही भावंडे, आणि अलीकडच्या पिढीत लोकप्रिय झालेला ‘झान’ फ्रेंचांकडून आलेला. आडनावांतही हे दोन प्रवाह दिसतात : एका बाजूला यानेझिच, दुसऱ्या बाजूला इवांचिच.

आता वाल्वासोरविषयी. 1641 मध्ये ल्युब्ल्याना या आजच्या राजधानीत जन्मलेल्या या सरदाराने क्रान्स्का या आपल्या प्रांताचा भूगोल, इतिहास, चालीरीती आणि निसर्ग यांविषयी जर्मन भाषेत एक प्रचंड ग्रंथ लिहिला. ‘क्रान्स्काच्या डचीचा (ड्यूकच्या प्रदेशाचा) गौरव’ या आशयाच्या नावाचा हा ग्रंथ 1689 मध्ये न्यूर्नबर्गला छापला गेला. त्यात 4 खंडांत 15 भाग असून साडेतीन हजारांहून अधिक पाने आहेत. त्यापूर्वी, ठरावीक काळाने आटणाऱ्या आणि पुन्हा भरणाऱ्या त्सेर्क्नित्सा सरोवराच्या अभ्यासामुळे 1687 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले होते. ग्रंथनिर्मितीच्या खर्चापायी त्याला आपला बोगेन्श्पेर्क किल्ला आणि जमीनजुमला विकावा लागला आणि 1693 मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत निवर्तला. आपल्या भूमीसाठी सर्वस्व वेचणाऱ्या या माणसाला स्लोव्हेनियन लोकांनी ‘यानेझ वायकार्द वाल्वासोर’ म्हणून आपलेसे केले. ग्रंथावरचे त्याचे नाव मात्र जर्मन ‘योहान वाइकहार्ड’ असेच आहे.

हे दुहेरीपण केवळ सरदारांपुरते नव्हते. 1563 मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पाद्र्यांवर बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले आणि त्या नोंदी लॅटिनमध्ये होत. त्यामुळे चर्चच्या वहीत ‘योआन्नेस’, ऑस्ट्रियन सरकारच्या कागदांत ‘योहान’, आणि शेतात हाक मारताना ‘यानेझ’ किंवा ‘आन्झे’, अशी एकाच शेतकऱ्याची नावे सापडतात. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने ती तीन वेगवेगळी माणसे समजू नयेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्लोव्हेनियन राष्ट्रजागृतीच्या काळात शिक्षितांनी ‘इवान’ हे रूप उचलून धरले, कारण ते इतर स्लाव्ह बांधवांशी नाते सांगणारे होते. त्या पिढीतली नावे पाहिली तर हे लगेच जाणवते : कादंबरीकार आणि ल्युब्ल्यानाचे महापौर इवान ताव्चार, 1895च्या भूकंपानंतर शहर नव्याने उभारणारे महापौर इवान ह्रिबार, चित्रकार इवान ग्रोहार आणि आपण उल्लेखिलेले इवान त्सांकार (1876–1918). उलट 1842 मध्ये काचेवर छायाचित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधणारे धर्मगुरू यानेझ पुहार त्यांच्या आधीच्या पिढीतले.

अनुवादासाठी माझे मत असे. माणूस ज्या रूपाने ओळखला जातो तेच ठेवावे : इवान त्सांकार, यानेझ पुहार. वाल्वासोरच्या बाबतीत मराठी मजकुरात मी ‘यानेझ’ स्वीकारीन आणि जर्मन रूप एकदा नमूद करीन. परंतु संत आणि पोप यांची नावे स्लोव्हेनियन लोक स्वतःच्या भाषेत फिरवून घेतात. त्यांच्याकडे चौथे शुभवर्तमान ‘यानेझ’चे, पोप दुसरे जॉन पॉल ‘यानेझ पावेल’, आणि फ्रान्सची वीरकन्या जोन मात्र ‘इवाना’. असे उल्लेख मराठीत आणताना ‘योहानाचे शुभवर्तमान’ आणि ‘पोप जॉन पॉल’ असेच लिहावे, अन्यथा वाचकाला हा कोणी निराळा यानेझ आहे असे वाटेल.

प्रश्न : सर्बियन सहकारी स्लोव्हेनियन लोकांना एकत्रितपणे ‘यानेझी’ म्हणतात असे ऐकले. हे अपमानास्पद आहे का? आणि हे नाव आजही ठेवले जाते का? — एक वाचक, सध्या व्हिएन्ना

उत्तर : युगोस्लाव्हिया एकत्र असताना इतर प्रजासत्ताकांतल्या लोकांनी स्लोव्हेनियनांना हे टोपणनाव दिले. बोलणाऱ्याच्या सुरावर त्याचा गोडवा किंवा बोच अवलंबून असते, म्हणून आपण स्वतः ते वापरू नये हे बरे. नाव मात्र निवडले गेले ते अचूक, कारण एवढे सार्वत्रिक नाव दुसरे क्वचितच असेल. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ऑस्ट्रियन सैन्यातली ल्युब्ल्यानाची 17वी पायदळ पलटण ‘क्रान्स्की यानेझी’ म्हणजे ‘क्रान्स्काचे यानेझ’ या नावाने ओळखली जाई. आजही सरकारी अर्जाच्या नमुन्यात कोणा एका नागरिकाचे काल्पनिक नाव हवे असेल तर ‘यानेझ नोवाक’ असे लिहितात, कारण नोवाक हे तेथील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. 2007 मध्ये तीन कलावंतांनी आपली नावे कायदेशीररीत्या बदलून तत्कालीन पंतप्रधान यानेझ यान्शा यांचे नाव धारण केले. नाव म्हणजे नेमके कोणाची मालकी, असा प्रश्न त्यांनी त्यातून समाजापुढे ठेवला.

भारतीय वाचकाला आणखी एक यानेझ माहीत असायला हवा. अलिप्त राष्ट्रांची 1989ची शिखर परिषद बेलग्रेडला झाली, तिला राजीव गांधी उपस्थित होते. त्या वेळी युगोस्लाव्हियाच्या सामूहिक अध्यक्षमंडळाचे प्रमुख स्लोव्हेनियाचे यानेझ द्र्नोव्शेक होते. तेच पुढे स्वतंत्र स्लोव्हेनियाचे पंतप्रधान आणि 2002 ते 2007 या काळात राष्ट्राध्यक्ष झाले.

नव्या बाळांसाठी मात्र ‘यानेझ’ हे नाव आता कमी निवडले जाते. गेल्या काही दशकांत लुका, यान, झान या आटोपशीर नावांकडे आईवडिलांचा ओढा राहिला. त्यातली यान आणि झान ही दोन नावे यानेझचीच नवी रूपे असल्यामुळे आजोबा यानेझ आणि नातू यान अशी घरे तेथे सहज भेटतात. आन्झे या रूपाला बर्फावरील हॉकीपटू आन्झे कोपितार यांच्यामुळे अमेरिकेतही ओळख मिळाली.

प्रश्न : स्लोव्हेनियन पुरुषनामांत संस्कृतशी खरोखर नाते असलेले एखादे नाव आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि ते फार जवळचे आहे. ‘बोग्दान’ हे जुने स्लाव्ह नाव घ्या. त्यातला ‘बोग’ म्हणजे देव. हा शब्द संस्कृत ‘भग’ या वैदिक देवतेच्या नावाचा सगोत्र आहे. ‘दान’ म्हणजे दिलेला, येथे ‘दा’ हा धातू आपल्या ओळखीचाच. म्हणजे महाभारतात सुप्रतीक हत्तीवरून लढणारा प्राग्ज्योतिषचा राजा भगदत्त आणि स्लोव्हेनियातला बोग्दान यांची नावे घटक सुटे करून पाहिली तर एकाच घडणीची ठरतात. ‘बोझिदार’मध्येही तोच अर्थ आहे, ‘देवाची देणगी’. ‘स्तानिस्लाव’सारख्या नावांतला ‘स्लाव’ कीर्तिवाचक असून वैदिक ‘श्रवस्’शी त्याचे नाते आहे. दोन आणि तीन या अंकांना स्लोव्हेनियनमध्ये ‘द्वा’ आणि ‘त्री’ म्हणतात, हे कळले की हे नाते किती खोल आहे ते लक्षात येते.

प्रश्न : एका ज्येष्ठ यानेझांना त्यांच्या नामदिनी शुभेच्छा पाठवायच्या आहेत. संबोधन काय वापरावे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : स्लोव्हेनियनमध्ये आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच ‘ती’ आणि ‘वी’ असा भेद आहे. ज्येष्ठांना किंवा नव्या ओळखीच्या व्यक्तीला ‘वी’ म्हणावे आणि आडनावाआधी ‘गोस्पोद’ म्हणजे ‘श्रीयुत’ लावावे. शुभेच्छांचे वाक्य ‘व्से नायबोल्शे झा गोद’ असे आहे, म्हणजे नामदिनानिमित्त सर्व काही उत्तम लाभो. त्यांचा नामदिन 24 जूनचा, 27 डिसेंबरचा की 16 मेचा, हे आधी विचारून घ्यावे. जूनचा असेल तर गोव्यात त्याच दिवशी आपण कोपेल घालून विहिरीवर जातो, हेही त्यांना अवश्य कळवावे.